रंग निसर्गाचा, पक्केपणा शास्त्राचा

हळद लागलेले पांढरे वस्त्र साबणाने धुवावयास घेतले की त्यावरील पिवळा डाग क्षणात तांबडा होतो. स्वच्छ पाण्यात खळबळले की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो आणि तेच वस्त्र काही दिवस उन्हात वाळत घातले की डाग हळूहळू फिका पडत जातो. हा अनुभव घराघरांतला आहे. रंग कशामुळे दिसतो, तो का बदलतो आणि तो का टिकत नाही, हे नैसर्गिक रंगांविषयीचे तीनही मूलभूत प्रश्न या एका डागात सामावलेले आहेत.

आज या प्रश्नांना व्यावहारिक महत्त्व आले आहे. नैसर्गिक रंगांत रंगविलेली खादी, रेशीम व हातमागाचे कापड यांना शहरांत व परदेशांत गिऱ्हाईक आहे. रंगपंचमीसाठी पळसाच्या फुलांचा रंग पुन्हा मागितला जाऊ लागला आहे. महिलांचे बचत गट या व्यवसायाकडे आशेने पाहत आहेत आणि त्यासाठी मार्गदर्शन, जागा वा भांडवल मागावयास ते ग्रामपंचायतीकडे येतात. तथापि केवळ ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारल्याने माल चांगला ठरत नाही. पहिल्याच धुण्यात उतरलेली साडी गिऱ्हाइकाचा विश्वास गमावते आणि तिच्याबरोबर त्या गटाची सारी मेहनत वाया जाते. यास्तव या रंगांमागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

रंग दिसतो कसा?

सूर्याचा पांढरा दिसणारा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असतो. मानवी डोळ्यास दिसणाऱ्या या प्रकाशलहरींची लांबी साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एखादा पदार्थ यांपैकी काही लहरी शोषून घेतो आणि उरलेल्या परावर्तित करतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो व तोच त्या पदार्थाचा रंग म्हणून आपणास दिसतो. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य जांभळा व निळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी दिसते. निळीचे द्रव्य नारिंगी प्रकाश शोषते, म्हणून ती निळी दिसते.

ही शोषणाची शक्ती रेणूच्या रचनेत असते. वनस्पतिज रंजकांच्या रेणूंत कार्बनच्या अणूंमध्ये एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक असे मांडलेले असतात. या साखळीतील इलेक्ट्रॉन काहीसे मोकळे असल्याने ते दृश्य प्रकाश शोषू शकतात. साबणातील अल्कलीमुळे कर्क्युमिनच्या रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषला जाणारा प्रकाश बदलतो आणि पिवळ्याचा तांबडा होतो. अल्कली धुऊन गेली की मूळ मांडणी परत येते. ऊन मात्र ही साखळीच तोडते. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, म्हणून उन्हाने गेलेला रंग परत येत नाही.

निसर्गातील रंगांची कुळे फार नाहीत. गाजर व झेंडू यांचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड कुळातला आहे. कोकम, जांभूळ व जास्वंद यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनांचा आहे. मंजिष्ठा, आल व लाख यांतील तांबड्या द्रव्यांचे कूळ अँथ्राक्विनोन हे होय. हिरडा, डाळिंबाची साल व खैराचा कात यांत टॅनिने असतात. पानांच्या हिरवेपणास कारण असलेले हरितद्रव्य सर्वांत विपुल आहे. पण ते लवकर विघटित होत असल्याने कापडासाठी फारसे उपयोगी पडत नाही. विपुल असलेला रंग टिकाऊ असेलच असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

पाण्यात विरघळून धाग्यात शिरतात त्या द्रव्यांना रंजके म्हणतात. न विरघळता पृष्ठभागावर चिकटवावी लागणारी ती रंगद्रव्ये होत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत लाल व पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळी आणि काही लेण्यांत बदकशानहून आणलेल्या राजावर्त पाषाणाचा निळा रंग वापरलेला आहे. ही सारी रंगद्रव्ये आहेत. वारली चित्रांतील तांदळाच्या पिठाचा पांढरा रंगही याच प्रकारात मोडतो. पुढील विवेचन मुख्यतः रंजकांविषयी आहे.

कच्चा रंग, पक्का रंग

रंजकाला धाग्याशी बांधून ठेवणारे काही नसेल तर पाणी त्याला परत घेऊन जाते. लोकर व रेशीम हे प्राणिज धागे प्रथिनांचे असतात व त्यांच्याशी रंजके सहज जोडली जातात. कापसाचा धागा सेल्युलोजचा असल्याने त्याच्याशी बहुतेक वनस्पतिज रंजकांचे नाते जुळत नाही. यासाठी मधे एक दुवा लागतो. त्यास रंगबंधक म्हणतात.

आपल्या रंगाऱ्यांना हा दुवा हजारो वर्षांपूर्वीच सापडला होता. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला मंजिष्ठेच्या जातीच्या रंगातील सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे. सुती धाग्यावर असा तांबडा रंग टिकवावयाचा तर रंगबंधक आवश्यक असते. सर्वांत महत्त्वाचे रंगबंधक तुरटी होय. तिच्यातील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला व दुसऱ्या बाजूने रंजकाला धरते आणि पाण्यात न विरघळणारा संयुक्त पदार्थ धाग्यातच तयार होतो. तुरटी कापसावर नीट बसावी म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवितात. हिरड्यातील टॅनिन कापसाला धरून बसते व तुरटीला बैठक देते.

रंगबंधक बदलले की रंगही बदलतो. झेंडूच्या फुलांच्या काढ्यात तुरटी दिलेले कापड उजळ पिवळे होते, तर हिराकस दिलेले मळकट हिरवे होते. मंजिष्ठा तुरटीने तांबडी आणि लोखंडाने तपकिरी-जांभळट होते. हिरडा व हिराकस एकत्र आले की काळा रंग मिळतो. जुन्या काळी शाईही याच संयोगातून बनत असे. अशा रीतीने मूठभर वनस्पतींतून रंगाऱ्याला अनेक छटा मिळतात.

रीत नेहमीची असली तरी मोजमाप सोडून चालत नाही. उदाहरणार्थ, एक किलो सुती कापड प्रथम धुण्याचा सोडा घालून उकळावे म्हणजे त्यातील खळ व तेलकटपणा जातो. नंतर १५० ते २०० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात ते भिजवावे, वाळवावे आणि सुमारे १५० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात घालावे. त्यानंतर कापडाच्या निम्म्या वजनाइतक्या वाळलेल्या झेंडूच्या फुलांचा काढा गाळून त्यात ते तासभर मंद आचेवर ठेवावे. हिराकस वापरावयाचा असेल तर तो कापडाच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक नसावा. लोखंड जास्त झाले की सुती धागा कमकुवत होतो आणि कापड लवकर फाटते. वजनकाटा, तापमापक आणि नोंदवही ही या धंद्याची अवजारे आहेत. नोंद नसेल तर आज साधलेली छटा उद्या साधत नाही.

निळीचे कोडे

नीळ या नियमाला अपवाद आहे. तिला रंगबंधक लागत नाही. पण ती पाण्यात विरघळतही नाही. मग ती धाग्यात शिरते कशी? निळीच्या झाडाच्या पानांत निळा रंग नसतो. त्यांत इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाने पाण्यात भिजत घातली की आंबण्याच्या क्रियेत या द्रव्याचे विघटन होते. मग ते पाणी घुसळून हवेशी मिसळले की निळीचा साका तळाशी बसतो. तो वाळवून वड्या पाडतात.

रंगविताना उलट क्रिया करावी लागते. निळीची पूड चुन्यासारख्या अल्कलीत घालून, गूळ व टाकळ्याचे बी यांसारख्या आंबणाऱ्या पदार्थांच्या साहाय्याने रांजणातील ऑक्सिजन काढून घेतला जातो. तेव्हा नीळ विरघळते व पाणी पिवळट-हिरवे होते. त्यात बुडविलेले कापड बाहेर काढताना हिरवट दिसते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होते. धाग्याच्या आत शिरल्यावर नीळ पुन्हा अविद्राव्य झालेली असते. म्हणून ती धुण्याने जात नाही. पावसाळी परसात उगवणाऱ्या टाकळ्याच्या बियांचा हा उपयोग सूक्ष्मजीवशास्त्राचा जन्म होण्यापूर्वी रंगाऱ्यांनी शोधला होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कीर्ती आणि अस्त

भारतीय कापड जगात गेले ते या पक्केपणाच्या बळावर. इजिप्तमधील फुस्तात येथील उत्खननात गुजरातेतील छापील सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत. सतराव्या शतकात धुऊनही न उतरणाऱ्या भारतीय छिटांनी युरोपची बाजारपेठ इतकी काबीज केली की, तेथील विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये व इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून त्यांवर बंदी घातली. निळीला युरोपीय भाषांत मिळालेले ‘इंडिगो’ हे नावही भारताच्या नावावरून आलेले आहे. महाराष्ट्रात हे काम रंगारी, भावसार व निराळी हे समाज करीत. निराळी हे नाव निळीच्या कामावरूनच पडलेले आहे.

१८५६ मध्ये लंडनमधील विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंग गवसला. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीतील अलिझारिन प्रयोगशाळेत तयार केले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ जर्मनीतून बाजारात आली. कृत्रिम रंजक स्वस्त होते, नेहमी सारखी छटा देणारे होते आणि मोजून वापरता येत होते. अवघ्या अर्धशतकात वनस्पतिज रंगांचा व्यापार कोसळला.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. नीळ नैसर्गिक होती म्हणून ती पिकविणारा शेतकरी सुखी होता असे नव्हे. बंगालमध्ये १८५९-६० साली निळीच्या सक्तीविरुद्ध रयतेने उठाव केला. बिहारातील चंपारण्यात शेतकऱ्याने दर बिघ्यामागे वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावलीच पाहिजे असा जाच होता. कृत्रिम निळीने भाव पडल्यावर मळेवाल्यांनी या सक्तीतून सुटका देण्याच्या मोबदल्यात वाढीव खंड लादून आपला तोटा शेतकऱ्यांच्या माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजींनी तेथे चौकशी केली व १९१८ च्या कायद्याने ती पद्धत रद्द झाली. रंग कोणता वापरावा या प्रश्नाबरोबर त्याचा मोबदला कोणाच्या पदरी पडतो, हाही प्रश्न विचारावा लागतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कृत्रिम रंगांचे दोष कालांतराने उघड झाले. काही ॲझो रंजकांच्या विघटनातून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये निर्माण होतात. म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये व भारताने १९९७ मध्ये अशा रंजकांवर बंदी घातली. रंगकामाचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडल्याने नद्या दूषित होतात, हेही आपण पाहतो. नैसर्गिक रंगांकडे पुन्हा लक्ष वळले ते या कारणांमुळे.

परंतु निसर्गातील सारेच निर्धोक असते ही समजूत चुकीची आहे. पोथीतील चुकीचा मजकूर ज्या पिवळ्या हरताळाने झाकीत, आणि ज्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला, तो हरताळ आर्सेनिकयुक्त खनिज आहे. हिंगुळात पारा आहे. परंपरेने वापरात असलेला शेंदूर शिशापासून करतात. ही तिन्ही द्रव्ये विषारी आहेत. वनस्पतिज रंग पक्का करण्यासाठी मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरले तर त्याचे सांडपाणीही घातक होते. तुरटी, हिरडा व अल्प प्रमाणात हिराकस यांवर भागविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. एक किलो कापडाच्या मध्यम छटेस कृत्रिम रंजक वीस-तीस ग्रॅम पुरते. वनस्पतिज कच्चा माल मात्र शेकडो ग्रॅम लागतो. साऱ्या जगाचे कापड या रंगांनी रंगवावयाचे म्हटले तर जमीन व पाणी पुरणार नाही. गिरणीच्या मालाशी स्पर्धा करणे हे या रंगांचे कार्य नव्हे. हातमाग, खादी, रेशीम आणि हस्तकला यांच्या मर्यादित पण चांगला भाव देणाऱ्या बाजारपेठेत त्यांचे स्थान आहे.

अन्नातील रंग

अन्नपदार्थांत हळद, केशर, कॅरोटीन आणि शेंद्रीच्या बियांचा रंग यांना आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनी मान्यता आहे. लोणी व चीज यांना शेंद्रीचा रंग देतात. कोकणातील कोकम सरबताचा लाल रंग फळाचाच असतो व आमसुलाच्या आंबटपणामुळे तो टिकून राहतो. तथापि हळदीच्या भुकटीत मेटॅनिल यलो हा अखाद्य रंग किंवा शिसे असलेले लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडतात. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी स्वतः याची प्राथमिक तपासणी करून दाखवावी. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले असता गुलाबी रंग येतो. भरपूर पाणी घातल्यावर तो नाहीसा झाला तर तो हळदीचा समजावा. तो तसाच राहिला तर मेटॅनिल यलोची भेसळ असण्याचा संभव असतो.

गावात काय करता येईल?

पहिली गोष्ट कच्च्या मालाची. मुळे व साल यांपासून मिळणाऱ्या रंगांसाठी झाड खणावे वा सोलावे लागते. मंजिष्ठेची वेल मुळासकट उपटत गेल्यास ती जंगलातून नाहीशी होईल. म्हणून फुले, फळे, पाने आणि टाकाऊ पदार्थ यांना प्राधान्य द्यावे. देवळांत व बाजारात फेकला जाणारा झेंडू, रसाच्या दुकानांतील डाळिंबाच्या साली, कांद्याच्या चाळींतील पापुद्रे ही सर्व उत्तम रंगसाधने आहेत. सोलापूर व नाशिक जिल्ह्यांत असा माल विपुल आहे.

दुसरी गोष्ट वनोपजाची. सह्याद्रीच्या आंबेगाव, जुन्नर भागातील आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. २०१३-१४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या आधारभूत किमतीच्या योजनेत हिरडा व लाख यांचा समावेश करण्यात आला. हिरडा पोत्यात भरून विकण्याऐवजी त्याची प्रमाणित पूड करून रंगकाम करणाऱ्या गटांना पुरविली, तर मूल्यवाढीचा काही भाग गावातच राहील. ग्रामसभेने याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट गुणवत्तेची. रंगाचा धुण्यातील पक्केपणा १ ते ५ व उन्हातील पक्केपणा १ ते ८ अशा श्रेणींत मोजतात. गटाने बाजारात जाण्यापूर्वी मालाचे नमुने मान्यताप्राप्त वस्त्र प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत आणि मिळालेली श्रेणी मालावर छापावी. जो रंग कच्चा आहे तो कच्चा म्हणून सांगावा. एकट्या हळदीने रंगविलेली ओढणी पक्की म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरेल. चौथी गोष्ट सांडपाण्याची. ते विहिरीजवळ वा ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यापूर्वी साका बसविण्याच्या टाकीतून जाईल, एवढी व्यवस्था जागा देतानाच करून घ्यावी.

शाळेतील प्रयोग

शिक्षकांना या विषयात फारशा खर्चाविना पुष्कळ करता येईल. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या व जास्वंदीच्या फुलांचा रस यांनी लिंबू, चिंच, साबण व चुन्याची निवळी यांची परीक्षा घ्यावी. आम्लात जास्वंदीचा रस गडद गुलाबी व अल्कलीत हिरवा होतो. नंतर सुती कापडाचे तीन तुकडे घ्यावेत. एक साधा ठेवावा, दुसऱ्यास हिरडा व तुरटी द्यावी, तिसऱ्यास हिरडा व हिराकस द्यावा आणि तिन्ही झेंडूच्या एकाच काढ्यात रंगवावेत. प्रत्येकाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर उन्हात ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर झाकलेल्या व उघड्या भागांत दिसणारा फरक मुलांनी वहीत नोंदवावा. कोणता रंग टिकला व का टिकला, याचे उत्तर ती स्वतःच देतील.

पूर्वीच्या रंगाऱ्यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून मिळविली होती. ती लेखी फारशी राहिली नाही, म्हणून धंदा बुडताच तिचा मोठा भाग त्यांच्याबरोबर लोपला. आज वजनमाप, नोंद आणि चाचणी यांच्या साहाय्याने ती पुन्हा उभी करता येईल. रंग झाडापानांत आहेच. तो कापडावर टिकेल की नाही हे रंगविणाऱ्याच्या ज्ञानावर व सचोटीवर अवलंबून आहे. ज्या गावात बचत गट, शाळा आणि पंचायत ही तिन्ही एकत्र येऊन या कामास हात घालतील, त्या गावाचा रंग बाजारात पक्का ठरेल.